औषध सरकारचे, भरवसा मोहल्ल्याचा

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, आजच्या सत्राचा विषय फलकावर 'आरोग्य आणि समाज' असा लिहिला आहे. मी त्यातला एकच धागा घेणार आहे, एचआयव्हीचा. शब्द उच्चारल्याबरोबर मागच्या रांगेत थोडी चुळबुळ झाली, ती मला दिसली. हरकत नाही. यंत्रमागाच्या एका शहरात मी बारा वर्षे सरकारी तपासणी केंद्रात समुपदेशक होते. आता आठवड्यातल्या तीन संध्याकाळी एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसते. चुळबुळीची मला सवय आहे.

माझा प्रश्न साधा आहे. तपासणी फुकट. औषध फुकट. बहुतेकांना दिवसाला एक गोळी. सरकारी रुग्णालय रिक्षाने वीस मिनिटांवर. मग वस्तीतला माणूस तिथे इतक्या उशिरा का पोचतो? वजन उतरलेले, तोंडात पांढरा थर, छातीत टीबी, आणि आधी चार खासगी डॉक्टरांकडे घातलेले पैसे, अशा अवस्थेत का पोचतो? हे फक्त मुस्लिम वस्त्यांत घडते असे नाही. पण मी आपल्या मोहल्ल्यांत काम करते, म्हणून त्यांच्याविषयीच बोलेन.

आधी सरकारकडे काय आहे ते पाहू, कारण ते आपल्यातल्या अनेकांना माहीतच नसते. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे पंचवीस लाख लोक आहेत. राज्यवार पाहिले तर सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे, चार लाखांच्या आसपास. १९९२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत औषधोपचार सुरू झाला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या आठांपैकी एक. नागपाडा, मदनपुरा, डोंगरी इथल्या लोकांच्या पायाखालच्या वाटेवरचे रुग्णालय! २०१७ पासून नियम असा आहे की तपासणीत एचआयव्ही आढळला की प्रतिकारशक्ती किती उरली याची वाट न पाहता औषध सुरू करायचे.

साखळी अशी चालते. तपासणी केंद्रात आधी समुपदेशक बोलतो, संमती घेतो, मग रक्त घेतात. एका किटवर निकाल लागत नाही, वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळल्या तरच एचआयव्ही आहे असे सांगतात. मग रुग्णाला एआरटी केंद्रात पाठवतात. तिथे टीबीची तपासणी होते, औषध सुरू होते, आणि साधारण सहा महिन्यांनी रक्तातल्या विषाणूचे प्रमाण मोजतात. गोळ्या नियमित घेतल्या की हे प्रमाण इतके उतरते की चाचणीत विषाणू सापडतच नाही. असे प्रमाण टिकवलेल्या माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे आज जगभरातले वैद्यक मान्य करते. म्हणजे एका माणसाचे औषध दुसऱ्याचा बचावही करते.

बाळाचे पाहा. काहीच केले नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला वेळेवर औषध दिले, बाळाला जन्मानंतर सिरप दिले, तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. विज्ञानाने त्याचे काम बरेचसे केले आहे.

मग साखळी तुटते कुठे? माझ्या अनुभवात तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण दारातच आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी केंद्राचा खोली क्रमांक सगळ्यांना माहीत असतो. बाहेरच्या बाकावर बसले की कुणाचा तरी मामू, कुणाची तरी खाला समोरून जाणार. एक तरुण माझ्याकडे तीन वेळा आला आणि तीनही वेळा औषधाची खिडकी कुठे आहे एवढेच विचारून गेला. चौथ्या वेळी आत बसला आणि म्हणाला, "मॅडम, नाम मत लिखो."

दुसरे ठिकाण तपासणी आणि औषध यांच्या मधले. निकाल हातात घेऊन माणूस बाहेर पडतो आणि एआरटी केंद्राऐवजी गावी जातो. किंवा कुणा हकिमाकडे, बाबाकडे, हमखास इलाजाची जाहिरात करणाऱ्याकडे. बायकांचे वेगळेच. गरोदरपणातली नेहमीची तपासणी होते आणि घरात सर्वांत आधी तिचा निकाल कळतो. आधी कळला म्हणजे रोग तिनेच आणला, असा हिशेब घरात मांडला जातो. नवऱ्याने तपासणी केलेलीच नसते. अशा किती मुलींना माहेरी पाठवलेले मी पाहिले आहे. माहेरीही दार अर्धेच उघडते.

तिसरे ठिकाण वर्षभरानंतरचे. बरे वाटू लागते, वजन वाढते, आणि गोळी सुटते. कधी लूम बंद पडतो आणि माणूस दुसऱ्या शहरात जातो. कधी रमजान येतो. दिवसाला एक गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून तिची वेळ इफ्तारनंतर ठेवता येते, ही एवढीशी गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते. रोजाही ठेवायचा असतो आणि विचारायचीही लाज वाटते, म्हणून तो महिनाभर गोळीच बंद करतो.

या तीनही ठिकाणी औषध कमी पडलेले नाही. कमी पडला तो माणूस, ज्याच्याशी बोलता येईल, जो आपल्या गल्लीतला आहे आणि तरी आपली गोष्ट गल्लीत नेणार नाही. सरकारी खाते असा माणूस नेमणूकपत्र देऊन तयार करू शकत नाही. तो समाजातूनच यावा लागतो. माझे आजचे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे.

हे खात्याला पहिल्या दिवशी कळले नव्हते. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी उचलले. त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गुन्हा काहीच नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळे कोंडून ठेवण्याची तरतूद होती. म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस डांबले. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर तो गप्प बसला नाही. १९९२ मध्ये मृत्यू येण्याआधी त्याने एचआयव्हीग्रस्तांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली.

विचार करा, कोंडून काय साधले? बातमी वाचून ज्याच्या मनात शंका होती तो तपासणीला येईल की लपेल? आजाराला कुलूप लावता येत नाही. कुलूप माणसाला लागते, आणि त्याला पाहून बाकीचे भूमिगत होतात.

दुसरी वाट महाराष्ट्रातच सापडली. १९९२ मध्ये सांगलीत मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने वेश्यावस्तीत काम सुरू केले. निरोध वाटायला बाहेरून कार्यकर्ते आणण्याऐवजी वस्तीतल्या बायकांनीच ते काम हाती घेतले. कुणाच्या दारात कधी जायचे, कोणता गिऱ्हाईक त्रास देतो, कोणत्या दवाखान्यात अपमान होतो, हे त्यांनाच माहीत होते. १९९६ मध्ये त्या बायकांनी स्वतःची संघटना केली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. मुंबईत १९९४ मध्ये अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समलिंगी पुरुषांसाठी 'हमसफर ट्रस्ट' सुरू केला. त्याचे केंद्र वाकोल्यात महापालिकेच्या जुन्या इमारतीत उभे राहिले. जागा महापालिकेची, भरवसा समाजाचा. ज्या काळात समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा होता त्या काळात हे घडले, हे लक्षात घ्या.

पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच रीत स्वीकारली. आज राज्य एड्स नियंत्रण संस्था स्वयंसेवी संस्थांशी करार करते. संस्था समाजातलेच 'सहकारी शिक्षक' नेमतात. ते लोकांना तपासणीला घेऊन येतात, गोळ्या सुटलेल्यांना शोधून काढतात. २०२० च्या टाळेबंदीत एआरटी केंद्रापर्यंत जाणे अशक्य झाले, तेव्हा अनेक ठिकाणी याच कार्यकर्त्यांनी घरोघरी गोळ्या पोचवल्या. खात्याकडे साठा होता, पण पत्ता आणि प्रवेश यांच्याकडे होता.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ही सगळी उदाहरणे वेश्यावस्तीची आणि समलिंगी पुरुषांची. आपल्या मोहल्ल्यात, मशिदीच्या सावलीत, हे कसे चालेल? तर मी तुम्हाला थेट युगांडात नेते, कारण हे काम मशिदीतूनच झालेले तिथे दिसते.

युगांडात १९८८ मध्ये मुस्लिम डॉक्टरांनी इस्लामिक मेडिकल असोसिएशन स्थापन केली. देशात एड्सने घरेच्या घरे रिकामी होत होती. मुस्लिम तिथे अल्पसंख्याक. डॉक्टरांनी पाहिले की गावात लोक ज्याचे ऐकतात तो इमाम आहे. १९९२ पासून एम्पिगी जिल्ह्यात त्यांनी इमामांना आणि त्यांच्या सहायकांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. सहायकांत स्त्रियाही होत्या, कारण घराच्या आतल्या भागात पुरुष जाऊ शकत नव्हता. स्वयंसेवक घरोघर जात, बोलत, आजाऱ्याची विचारपूस करत. सुंता करताना एकच पाते अनेकांना वापरू नये, मय्यतीला गुस्ल देताना काय काळजी घ्यावी, अशा खास मुस्लिम घरांतल्या प्रश्नांवर ते बोलत. निरोधाचा विषय आला तेव्हा सुरुवातीला इमामांनी विरोध केला. डॉक्टरांनी त्यांना डावलले नाही आणि विषयही सोडला नाही. बोलणे चालू ठेवले, आणि काही काळाने निरोधाच्या जबाबदार वापराची माहितीही शिकवणीत आली. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने १९९८ मध्ये या कामावर स्वतंत्र पुस्तिका काढली.

मला यातली शिकण्याची गोष्ट ही वाटते की डॉक्टरांनी विज्ञान सोडले नाही आणि समाजही सोडला नाही. इमामाला त्यांनी औषधातले तज्ज्ञ मानले नाही. त्याला दार उघडणारा मानले.

आपल्याकडे दारे कमी आहेत का? जवळजवळ प्रत्येक मोठ्या मुस्लिम वस्तीत जमातीचा, ट्रस्टचा किंवा एखाद्या डॉक्टरसाहेबांचा स्वस्त दवाखाना असतो. तापाला, खोकल्याला, बाळंतिणीला लोक आधी तिथे जातात. त्या दवाखान्याने एचआयव्हीचे रुग्णालय व्हायचे नाही. स्वतःहून एआरटीच्या गोळ्याही सुरू करायच्या नाहीत, ते काम प्रशिक्षित केंद्राचे आहे. त्याने साखळीतली पहिली कडी व्हायचे आहे.

म्हणजे काय करायचे ते सांगते. जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कक्षाशी बोलायचे आणि लेखी ठरवायचे की प्राथमिक चाचणी इथे होईल की फक्त रुग्ण पाठवला जाईल. प्राथमिक चाचणी करायची तर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण घ्यायचे, आणि संशय आला तर पक्की तपासणी सरकारी केंद्रातच करायची. टीबीच्या प्रत्येक रुग्णाला एचआयव्ही तपासणीचे आणि एचआयव्हीच्या प्रत्येक रुग्णाला टीबी तपासणीचे महत्त्व समजावायचे, कारण एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सर्वांत मोठा मारेकरी टीबीच आहे. रुग्णाला नुसती चिठ्ठी द्यायची नाही, पहिल्या खेपेला त्याच्यासोबत जायचे. माझ्या अनुभवात चिठ्ठी घेऊन गेलेला वाटेत हरवतो, सोबत गेलेला पोचतो. आणि एक कुलूपबंद कपाट ठेवायचे, ज्याची किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असेल.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. दवाखान्याचे विश्वस्त चांगली माणसे असतात, पण त्यांना वाटते की आपल्या दवाखान्यात कोण येते ते आपल्याला कळले पाहिजे. नाही कळले पाहिजे. सदरसाहेबांनाही नाही, इमामसाहेबांनाही नाही. एकदा एक नाव बाहेर गेले की पुढची दहा वर्षे तिथे कुणी तपासणीला येणार नाही.

याच जागी काही गैरसमजांविषयी बोलते. पहिला, 'आपली सुंता झालेली असते, आपल्याला होत नाही.' हे मी सुशिक्षित मुलांकडून ऐकले आहे. आफ्रिकेतल्या अभ्यासांतून दिसले की सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी घटतो. घटतो, संपत नाही. आणि त्या पुरुषाला लागण झाली असेल तर त्याच्या पत्नीला सुंतेचे संरक्षण नाही.

दुसरा, मय्यतीचा. एचआयव्ही असलेल्या माणसाला गुस्ल द्यायला कुणी पुढे येत नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट दफन करा म्हणतात. हातमोजे घालावे, स्वतःच्या हातावर जखम असेल तर ती झाकावी, रक्त किंवा स्राव असेल तर जंतुनाशकाने पुसावे. एवढी काळजी घेतली की गुस्ल देता येतो. जिवंतपणी एकाकी राहिलेल्या माणसाला मेल्यावर तरी आपल्या हातांचा स्पर्श मिळायला हवा.

तिसरा गैरसमज चांगल्या हेतूने येतो. 'निकाहआधी सगळ्यांची सक्तीने तपासणी करा, जमातीने दाखला मागावा.' मुलीच्या बापाची काळजी मला समजते. मुलीला फसवून लग्न लावलेले मीही पाहिले आहे. पण दाखला फसवा असतो. लागण झाल्यानंतर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत चाचणीत ती दिसत नाही. लग्नानंतर काय होईल ते तर कोणताच कागद सांगत नाही. शिवाय सक्ती आली की खोटे दाखले विकले जातात, आणि ज्याचा निकाल विरुद्ध आला त्याचे नाव संध्याकाळपर्यंत चौकात पोचते. त्यापेक्षा मुलगा आणि मुलगी दोघांनी मिळून, समजून, स्वतःहून तपासणी करावी आणि समुपदेशकाकडे एकत्र बसावे. जोडीदाराला धोका असेल तर त्याला कसे सांगायचे याची रीत कायद्यात आहे. एचआयव्ही असलेली माणसेही लग्न करतात, निरोगी मुलांना जन्म देतात. त्यांनाही तो हक्क आहे.

कायद्याचे नाव निघाले म्हणून सांगते. २०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही आणि एड्सविषयक स्वतंत्र कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही. माहिती उघड करायची नाही. नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचे घर यांत भेदभाव करायचा नाही. तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे. त्याने तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो, आणि तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर शक्यतो चोवीस तासांत. हा कायदा सरकारी रुग्णालयाला लागू आहे, तसा आपल्या ट्रस्टच्या दवाखान्यालाही लागू आहे.

भागीदारीचा अर्थ खात्याची हांजी हांजी करणे असा घेऊ नका. करार झाले तरी निधी महिनोन्महिने अडकतो, हे मी आतून पाहिले आहे. कार्यकर्त्याला पगार मिळत नाही आणि तरी त्याने किती माणसे आणली याचा तक्ता मात्र महिनाअखेरीस मागितला जातो. एका रुग्णालयात माझ्यासोबत आलेल्या गरोदर बाईच्या केसपेपरवर लाल शाईने मोठे अक्षर काढले होते, वॉर्डातल्या सगळ्यांना दुरून वाचता येईल असे. मी ते दाखवले तेव्हा उत्तर मिळाले, "आमच्या सोयीसाठी असते ते." त्यांच्या सोयीची किंमत त्या बाईने घरी मोजली. २०२२ मध्ये काही ठिकाणी औषधांचा तुटवडा झाला, तेव्हा एचआयव्हीसह जगणारे लोक दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात महिनाभराहून अधिक काळ धरणे देऊन बसले. तेही भागीदारच होते. सोबत काम करणाऱ्यालाच चूक लवकर दिसते, आणि ती बोलून दाखवणे हे त्याचे कामच आहे.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही इथे साठ-सत्तर जण आहात, वेगवेगळ्या शहरांतून आलात. मी मोठे काही मागत नाही.

तुमच्या शहरातले तपासणी केंद्र आणि एआरटी केंद्र कुठे आहे, किती वाजता उघडते, हे पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन पाहून या. १०९७ हा मोफत मदतक्रमांक फोनमध्ये घ्या. कुणाला सुई टोचली, कुणावर अत्याचार झाला, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोचवा. २८ दिवस औषध घेऊन लागण टाळता येते, आणि जितक्या लवकर सुरुवात होईल तितके चांगले. स्वतःची तपासणी एकदा करून घ्या. त्या बाकावर तुम्ही बसलेले दिसलात तर पुढच्याला बसणे सोपे जाईल. जे डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट होणार आहात, ते मोहल्ल्यातल्या दवाखान्याच्या विश्वस्तांना भेटा आणि त्या एका कुलूपबंद कपाटाविषयी बोला. जे वकील होणार आहात, त्यांनी २०१७ चा कायदा वाचा. फार मोठा नाही.

आणि घरात, कट्ट्यावर, जेव्हा कुणी म्हणेल की हा त्याच्या कर्माचा रोग आहे, तेव्हा गप्प राहू नका. तो रोग कसा आला हे विचारायचा हक्क आपल्याला नाही. तो गोळी घेतो का, जेवतो का, त्याच्याशी कुणी बोलते का, हे विचारायचे कर्तव्य मात्र आहे.

तुमचे प्रश्न आता घेते. सगळ्यांसमोर विचारायचे नसतील तर चिठ्ठीवर लिहून द्या. नाव लिहायची गरज नाही.